सातवा खुंटा

नियम मीच लिहिला, मार्चच्या एका रिकाम्या दुपारी,
काराकोलच्या आमच्या कचेरीत, हीटरला पाय लावून:
फोल्डरमध्ये नवी फाईल आली
की टीमच्या वहीत तिचं पान आपोआप उघडावं,
तारीख मथळ्यात जावी, आकडे तक्त्यात,
फोटो उजवीकडे, आणि ज्याला रकाना नाही
ते सगळं तळाशी, "इतर"मध्ये, घडी घालून.

त्याआधी हे काम हाताचं होतं.
असनकुल हिमनदीवरून उतरायचा,
दुकानाच्या पायरीवर बसायचा, जिथे फोनला दोन काड्या मिळतात,
आणि वहीच्या पानांचे फोटो क्लाउडवर चढवायचा.
रात्री मी एकेक उघडून नाव बदलायची,
उतरवून घेताना, नको असलं तरी, वाचलं जायचं:
खुंटा तीन, एक मीटर बारा. घोड्याचा नाल निघाला.
खुंटा चार, सत्त्याण्णव सेंटीमीटर. सुनेला मुलगी झाली.

नियमाने माझ्या रात्री मला परत दिल्या.
मी झोपू लागले, मुलाची गणितं बघू लागले.
बिश्केकच्या साहेबांनी पानं पाहिली, म्हणाले, वा,
इस्त्रीच्या शर्टांसारखी, एकावर एक.
जून, जुलै, ऑगस्ट. त्र्याऐंशी पानं.
कुणी किती उघडली, तेही ती वही सांगते.
त्र्याऐंशीच्या पुढे शून्य.

सप्टेंबरात अहवाल जुळेना.
बर्फ वितळतं तसे खुंटे उघडे पडत जातात,
सातवा मात्र जुलैत परत आत शिरलेला,
जणू तेवढ्या हातभर जागी उन्हाळा आलाच नव्हता.
मी सूत्र तपासलं, दशांशचिन्ह तपासलं,
नियम तपासला. नियम बिनचूक होता.
शेवटी कंटाळून तळाची घडी उलगडली.

११ जुलै: सातवा पडला. नवं भोक पाडून उभा केला. शून्य कुठून धरू?
१८ जुलै: बेगायिम, शून्य कुठून धरू ते कळव.
२५ जुलै: काम जास्त असेल तुला. मी आपलं मोजतोय.
१ ऑगस्ट: बरी आहेस ना?
त्यानंतर नुसते आकडे.

खुंटा हलवून बळकट करतात म्हणे.
बर्फात हलला तो हललाच,
त्याच्या भोवती आधी पाणी साचतं.

मी फोन केला. आधी वारा ऐकू आला, मग तो.
मी माफीचे शब्द जुळवतेय तोवर म्हणाला,
अगं, मला वाटलं फाईली पोचत नाहीत,
म्हणून दुकानदाराला नेटचे दोनदा पैसे दिले.
पोचत होत्या, मी म्हटलं. सगळ्या पोचल्या.
हे सांगणं माफीपेक्षा जड गेलं.

नियमात एक ओळ वाढवायला बसले:
प्रश्नचिन्ह दिसलं तर पान करू नकोस, मला हाक मार.
पण फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही,
आमचं यंत्र ते घेतच नाही,
कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलंय तसं.
मग आम्ही दोघांनी ठरवलं: आमच्या भाषेत प्रश्नाला सुरो म्हणतात,
नावाची सुरुवात सुरोने कर.

पहिला सुरो आला ऑक्टोबरात, रात्री दहाला.
उशीखाली फोन थरथरला.
फोटोत वही नव्हती. दुकानाची पायरी,
तिच्यावर अर्धी मोडलेली नान, चहाचा वाडगा,
फाईलचं नाव: सुरो_जेवलीस_का.

मी उठले. सिंकमधलं माझं ताट काढलं,
दिवा लावून फोटो घेतला, त्याच फोल्डरमध्ये टाकला.
नाव द्यायचं राहून गेलं.
नियमाने इमानाने त्याचं पान केलं:
खुंटा, रिकामं. उंची, रिकामी.
इतर: एक.